गाडीला लावलेलं तेल

हौसाबाई आमच्या सोसायटीच्या फाटकाशी मासळीची पाटी घेऊन बसायची, तेव्हापासूनची आमची ओळख. जिभेला हाड नसलेली बाई. माझी बायको तिच्याशी भांडल्याशिवाय पापलेट घ्यायची नाही, आणि दोघींनाही त्याशिवाय चैन पडायचं नाही.

मग तिचं हृदय थकलं. डॉक्टरांनी पाटी बंद केली, चुलीपुढे बसणं बंद केलं, उन्हात जाणं तर साफ बंद. सांगणाऱ्याचं काय जातं! तारोडी गावातल्या तिच्या घरात सून आता तिला भांडंसुद्धा विसळू देईना. नवऱ्याने, तुळशीरामने, लाकडी बोट विकली आणि जुनी गाडी घेतली. एसीवाली हवी, एवढीच त्याची अट होती, कारण उकाड्यात हौसाबाईचा श्वास कोंडायचा. मीरा रोडच्या ज्या हॉस्पिटलात तिची तपासणी, तिथेच माझीही. त्यामुळे जाताना तो मला भाईंदरला गाडीत घ्यायचा. भाडं विचारलं की रागवायचा.

यंदाच्या मे महिन्यात एसी रुसला. रस्ता मोकळा असला की बऱ्यापैकी गार, गाडी थांबली की नुसती वाफ. एका गॅरेजवाल्याने दोनदा गॅस भरला, फरक शून्य. एकदा तपासणीला जाताना भाईंदरच्या पुलावर गाड्या खोळंबल्या आणि हौसाबाईचे ओठ बघता बघता काळेनिळे झाले. मी काच खाली केली तर बाहेरून भट्टीसारखी हवा आत आली. तुळशीराम एका हाताने तिला वारा घालत होता आणि दुसऱ्या हाताने उगाच हॉर्न दाबत होता. कसेबसे पोचलो. डॉक्टर तुळशीरामवर उखडले. म्हणाले, पुन्हा अशी अडकली तर इथपर्यंत पोचेल याची खात्री देत नाही.

तिला तिथे सलाइन लावलं आणि आम्ही दोघे गाडी घेऊन वरसाव्याला रोशनकडे गेलो. रोशन फक्त गाड्यांच्या एसीचं काम करतो. त्याने मीटर जोडला, इंजिन चालू ठेवलं, बराच वेळ काट्याकडे बघत राहिला.

"गॅस कमी नाहीये अंकल, उलटा जास्ती भरलाय. प्रेशर बघा किती चढतंय."

मग त्याने नळी आणली आणि गाडीच्या तोंडावर, पुढच्या जाळीतून आत, पाणी मारलं. तुळशीरामचा हात आतल्या झरोक्यावर होता. "गार झाला!" तो ओरडला. पाणी थांबलं, थोड्या वेळात पुन्हा कोमट.

"म्हणजे आतली गरमी बाहेर जात नाहीये. कंडेन्सर जाम आहे," रोशन म्हणाला. त्याने जाळी उघडली. आत कंडेन्सरच्या बारीक पत्र्यांवर काळी, चिकट गादी बसली होती. रस्त्यावरची सगळी धूळ तिथे चिकटली होती आणि वाऱ्याला शिरायला जागाच उरली नव्हती. रोशनने बोटाने थोडी खरवडली, हुंगली आणि तोंड वाकडं केलं. "ये क्या लगाया है? मच्छी का तेल?"

तुळशीरामने ते बोट स्वतःच्या नाकाशी धरलं आणि मटकन बाकड्यावर बसला.

"बोटीला लावायचा तेल हाय," तो म्हणाला. "बोट व्हती तवा पावसाच्या आधी घरवालीच लावायची. आता रोज सकाली उठते, फडका घेते न् गाडीचा तोंड पुसते, जालीच्या आत बी. मना वाटला, नुसती पुसते. खाऱ्या वाऱ्यान लोखंड गंजता, म्हनते."

"मग सांगा काकींना, बंद करा," रोशन म्हणाला.

रोशनने साबणाच्या पाण्याने सगळं धुतलं, जास्तीचा गॅस काढला. तिला हॉस्पिटलातून घेऊन परत येताना पुलावर पुन्हा तीच गर्दी, पण गाडीत छान गारवा होता. हौसाबाईने विचारलं, "काय झाला व्हता?"

"गॅस गेला व्हता," तुळशीराम म्हणाला.

मला संताप आला. बायकोच्या जिवाशी खेळ आहे हा, असं मी त्याला दुसऱ्या दिवशी फोनवर सुनावलं. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "साहेब, घरान तिला तेवढाच काम उरलाय. ता बी काढून घेऊ? तुमी सांगा तिला." मी नाही सांगितलं. सांगवलंच नाही.

तेव्हापासून हौसाबाई तेल लावायची आणि तुळशीराम गावाबाहेर गाडी थांबवून साबणाने धुवायचा. माझ्या फाटकाशी गाडी यायची तेव्हा पुढच्या जाळीतून पाणी ठिबकत असायचं. एसी उत्तम चालायचा. मला वाटलं, चाललंय ते बरं चाललंय.

परवा पुलावर अडकलो. गार वाऱ्यात हौसाबाई डोळे मिटून बसली होती. तशीच म्हणाली, "शेजारच्या धाकूच्या पोरीनं सांगितला मना. रस्त्यावर गाडी धुता तुमी. माज्या तेलानच व्हत व्हता ना?"

तुळशीरामने आरशातून माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

"व्हय," तो म्हणाला.

"मंग सांगायचा ना. मी काय कुक्कुलं बाळ हाय? मीच मरत व्हते ना त्यान." आवाजात जुनी धार होती, मला हायसं वाटलं. आता भांडेल, चार शिव्या देईल आणि प्रकरण मिटेल.

ती भांडली नाही. तिने दोन्ही तळवे मांडीवर उघडे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "मंग आता मी काय करू?"

मला रडू आलं. समोरच्या गाड्या हलल्या तरी तुळशीराम जागचा हलला नाही. मागून हॉर्न वाजायला लागले.