घेरावरचा नाच

जुन्या सुती साड्यांचे कुर्ते शिवून त्यांवर आमची वारली चित्रं काढायची, असा छोटा धंदा मी सुरू केला. पहिल्या कुर्त्यावर स्कूटीवरून बाजाराला निघालेली मावशी काढली. गिऱ्हाईक म्हणालं, "हे नको, तो गोल नाच द्या. खरं वारली!" म्हणजे मावशी खोटी? तेव्हापासून प्रत्येक घेरावर नाचच काढते.

आज दोरीवरचा कुर्ता वाऱ्याने गरगरत होता. पाड्यावर नाचाची रांग टोकाला सुटी असते. दमलेला तिथून बाहेर पडतो. इथे शिवणीपाशी शेवटच्याचा हात मी पहिल्याच्या हातात दिलाय. आई बघत राहिली. म्हणाली, "अगं, यातल्या कुणाला घरी जायचं झालं तर?"

माझ्या चित्रांत कुठेतरी निघालेली एक मावशीच होती, तिला काढायचं मी सोडलंय.