पेढे वाटले, दाखला माझाच

कर्जतच्या कॉलेजात मी समाजशास्त्र शिकवतो. मध्यंतरी मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले, कारण माझ्या शोधनिबंधाचा कुणीतरी दाखला दिला होता! संगणकावर दाखल्यांच्या आकड्यात शून्याच्या जागी एक दिसला आणि मी पुढचं काही न बघता थेट हलवायाकडे गेलो. पेढे संपल्यावर मानसशास्त्राच्या मॅडमनी तो दाखला उघडून पाहिला. दाखला देणारा मीच होतो, माझ्याच पुढच्या निबंधात.

"सर, स्वतःच्या लग्नात स्वतःच आहेर केलात की!"

माझी बढती अडलेली, आणि ती देताना असे दाखले किती तेही मोजणार. म्हणून मॅडमनी समजावलं, "दुसऱ्यांच्या निबंधांचा आढावा लिहा, तो सगळे उचलतात. पाहणी कशी करावी हे सांगणारा निबंधही चालतो. तुमच्यासारखं एकाच गावात बसून लिहिलेलं कोण विचारतंय?"

"पण गावात कुणी बसलंच नाही, तर आढावा कशाचा घ्यायचा?"

"ते खरं, पण दाखला आढाव्याचाच देतात. सोयीचं पडतं."

तेवढ्यात इतिहासाचे सर म्हणाले, "आमच्यात पुस्तकांतून दाखले देतात, ते या संगणकाला दिसतच नाहीत." म्हणजे मोजलं काय जातं? मी चहात साखर दोनदा घातली.

संध्याकाळी, मी पाहणी करतो त्या खालापूरकडच्या गावातल्या काकूंचा फोन आला. हमरस्त्यात जमीन गेलेल्या घरांत शेती कोण करतं, नोकरीला कोण जातं, हे मी त्यांच्याकडेच बसून लिहून घेतो.

"मास्तर, रविवारी येताव ना? सुनंनं कंपनीत ड्यूटी बदलून घेतलीय, ती पन बोलंल. मागचं छापलंत, त्ये कुनी वाचलं का नाय?"

"वाचलं ना," मी म्हणालो. मी वाचलं होतं.

आता रविवारी घरी बसून आढावा लिहावा की गावाला जावं? एकीकडे बढती, दुसरीकडे बदललेली ड्यूटी. मी बायकोला सगळं सांगितलं, कोण कुणाचा दाखला देतं त्याचे कागदावर बाण काढून. बाण माझे मलाच कळेनात.

वाल सोलता सोलता तिनं विचारलं, "म्हणजे गावात जाऊन आलेल्यापेक्षा, त्याचं वाचून सांगणाऱ्याचा मान मोठा?"

"साधारण तसंच."

"मग आढावा सुट्टीत लिहा, ती पुस्तकं कुठं पळत नाहीत. त्या पोरीला पुन्हा ड्यूटी बदलून देणारेत का कंपनीवाले? सकाळची एसटी धरा. आणि तिथं जाऊन त्यांना हे बाण दाखवत बसू नका."