शेपटीतला नवसागर

गंज म्हटलं की लोकांना लोखंड आठवतं. विमानात लोखंड थोडं, बाकी सगळा ॲल्युमिनियमचा पत्रा, आणि तो गंजतो तेव्हा लाल होत नाही, पांढरा होतो. हे मला साहेबांनी शिकवलं आणि फार चांगलं शिकवलं. आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटेल की माणूस अडाणी होता. अडाणी असता तर मी त्याला केव्हाच माफ केलं असतं.

नव्वदच्या दशकात कोल्हापूरबाहेरच्या माळावर विमान चालवायला शिकवणारी एक छोटी संस्था होती. दोन विमानं, एक हँगर. साहेब तिथले इंजिनिअर आणि मी त्यांच्या हाताखाली मेकॅनिक. मला लायसन्सच्या परीक्षेला बसायचं होतं आणि त्यासाठी माझ्या अनुभवाच्या वहीवर साहेबांची सही लागायची. पाच वर्षं मी त्या सहीसाठी राबत होतो. घरी, गल्लीत, तालमीच्या कट्ट्यावर सगळ्यांना मी सांगून ठेवलं होतं की आता झालंच.

साहेबांकडे मोडीत काढलेल्या तुकड्यांचा एक डबा होता. दुपारी जेवण झालं की ते त्यातला एखादा तुकडा माझ्या हातात द्यायचे आणि विचारायचे, "काय झालंय याला?" धातू मातीतून ओढून काढलेला असतो, म्हणायचे, ओल आणि हवा मिळाली की तो परत माती व्हायला निघतो. ॲल्युमिनियमवर स्वतःचीच एक पातळ साय धरते, ती त्याला सांभाळते. मीठ लागलं की ती साय फाटते. मग वरून सुईच्या टोकाएवढं भोक दिसतं आणि आत घळ पडलेली असते. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये पाणी आलं तर त्यातला एक दुसऱ्याला खातो. कधी रंगाखालून दोऱ्यासारख्या रेघा धावतात, वरचा रंग मात्र शाबूत. सगळ्यांत वाईट तुकडा त्यांनी शेवटी दाखवला. कडेला खारी बिस्किटासारखे पापुद्रे सुटले होते. नखानं उचकटलं तर एकेक पदर वर येत होता. "हा आतून गेलाय. बाहेरून पॉलिश करून फसू नकोस," साहेब म्हणाले होते. मी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं होतं.

माझ्या वडिलांचं, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, शिवाजी पेठेत कल्हईचं दुकान होतं. स्टीलच्या भांड्यांनी धंदा जवळजवळ बसवला होता, तरी आबा रोज भट्टी पेटवायचे. पितळी भांडं तापवायचं, त्यात नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर उठला की कथील फिरवायचं. नवसागर म्हणजे क्षारच, एक प्रकारचं मीठ. भांड्यातला मळ तो काढतो, पण राहिला तर भांड्यालाच लागतो. म्हणून आबा प्रत्येक भांडं कल्हई झाल्यावर दोनदा धुवायचे. गिऱ्हाईक घाईत असलं तरी धुवायचे.

त्या वर्षी एका विमानाच्या शेपटीतली तांब्याची एक विणलेली पट्टी तुटली. नवीन यायला काही महिने लागणार होते आणि विमान उभं राहिलं तर शिकणारी पोरं खोळंबणार होती. साहेब मला म्हणाले, "तुझे वडील कथलाचं काम करतात ना? घेऊन ये त्यांना." मी म्हटलं, बाहेरचा माणूस विमानाला हात लावतो ते चालेल का? ते म्हणाले, "मी आहे ना. नोंद मी करतो."

आबा आले ते इस्त्रीचा सदरा घालून. आयुष्यात पहिल्यांदा विमानाजवळ उभे होते. शेगडी हँगरच्या बाहेर लांब ठेवली होती, तिच्यावर तापवलेलं लोखंड मी धावत आत आणून द्यायचो. पट्टी एका बाजूनं आत पक्की असल्यामुळं काम शेपटीतच करावं लागलं. नवसागराचा धूर आत भरला. कथलाचा टाका असा बसला की साहेब बघत राहिले.

मग आबा म्हणाले, "सायेब, नवसागर हाय ह्यो. गरम पाण्यानं समदं धुवाय पायजे. न्हायतर खातंय त्ये."

साहेब हसले. "शेपटीत पाणी कसलं ओतता, आबा? फडक्यानं पुसा."

"पुसून जात न्हाय की ओ."

"जातं, जातं."

आबा माझ्याकडे बघायला लागले. मी, ज्यानं क्षारानं साय फाटते हे वहीत लिहून पाठ केलं होतं, तो फडकं आणायला गेलो. का? कारण वहीवर सही व्हायची होती, आणि कारण साहेब चुकतात हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊकच नव्हतं.

पावसाळा गेला. तपासणीला बाहेरून एक अधिकारी आले. त्यांनी शेपटीचं झाकण काढायला लावलं आणि बॅटरी आत मारली. पत्र्यावर पीठ सांडल्यासारखी पांढरी पूड होती, खाली सुईनं टोचल्यासारखी भोकं पडली होती आणि ॲल्युमिनियमच्या एका पट्टीच्या कडेला पापुद्रे. मला कुणी सांगायची गरज नव्हती, साहेबांचा तो तुकड्यांचा डबाच माझ्यासमोर उघडला होता. अधिकाऱ्यांनी विचारलं, इथं काम कुणी केलं? विमानाच्या वहीत नोंद नाही.

साहेबांचा आवाज जराही हलला नाही. "हा आपल्या वडिलांना घेऊन आला होता. मला नंतर कळलं."

मला आधी वाटलं, ते वेळ मारून नेताहेत, नंतर सावरतील. संध्याकाळी त्यांनी टाइप केलेला कागद माझ्यापुढे ठेवला. त्यात होतं की मी परस्पर एका कल्हईवाल्याला आत आणलं आणि त्या माणसानं निष्काळजीपणे, काम झाल्यावर जागा न धुता, क्षार तसाच सोडला. "सही कर, प्रकरण इथंच मिटतं," साहेब म्हणाले. "नाहीतर वडिलांना चौकशीला बोलावतील. या वयात?" आबांचीच ढाल करून त्यांनी आबांवरच वार केला. मी सही केली. विमान दुरुस्त झालं, साहेब राहिले, मला काढलं, माझी वही सहीविनाच परत आली. मी त्या माणसाचा शब्द न् शब्द पाठ केला होता, आणि त्यानं मला फडक्यासारखं वापरून टाकलं. इतकी वर्षं झाली, अजून अंगाची आग होते.

घरी मी सांगितलं, मन रमत नाही म्हणून सोडलं. आबा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मी उद्यमनगरात एका फौंड्रीत लागलो. आबा मात्र येईल त्या गिऱ्हाइकाला विमानाचं काम सांगायचे आणि दर दिवाळीला साहेबांकडे फराळाचा डबा पाठवायचे. तो पोचवायचो मी. साहेब दारातच डबा घ्यायचे आणि आबा कसे आहेत म्हणून विचारायचे. मी आबांना कधीच काही बोललो नाही. एकदा तोंडातून गेलं तर ते सरळ हँगरवर जाऊन उभे राहिले असते.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी आबा गेले. रक्षाविसर्जनाला पंचगंगेच्या काठी पेठेतली माणसं जमली होती. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसाबद्दल चार माणसं उठून बोलतात. तालमीचे अध्यक्ष बोलले. मग साहेब उभे राहिले. केस पांढरे झाले होते, आवाज तोच.

"आबांनी आमच्या विमानाचं काम केलं होतं," ते म्हणाले. "इतका काळजीनं काम करणारा माणूस मी पाहिला नाही."

माणसांनी माना हलवल्या. मी डोकं भादरलेला, उघड्या अंगाचा, उठून उभा राहिलो.

"साहेब, हे लिहून द्या."

त्यांना कळलं. मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं की कळलं. पण ते म्हणाले, "काय, बाळ?" चुलत्यांनी माझा हात धरून खाली ओढलं. "आरं, सायेब हाईत त्ये. काय लिवून पायजे तुला?"

"आबांनी धुवायला सांगितलं होतं," मी म्हणालो. "एवढंच."