वाचणारी आणि लिहिणारी

आमच्या कॉलेज रोडच्या ऑफिसात बांधकामाच्या खर्चाचं एस्टिमेट काढायला दोन माणसं लागायची. एकीनं नकाशावरची मापं मोठ्यानं वाचायची, दुसरीनं ती लिहून घ्यायची आणि लिहिता लिहिता परत म्हणून दाखवायची. वाचणारी मी, लिहिणारी ताई. ऑफिसात सगळे तिला ताईच म्हणायचे; माझ्याहून थोरली, गंगापूरकडच्या मळेवाल्यांची सून. मी मॅट्रिक. आमचे हे एकलहऱ्याला बांधकामावर सुपरवायझर होते. ते गेल्यावर साहेबांनी ओळखीनं मला इथं घेतलं, आणि नकाशा वाचायला मी बघून बघूनच शिकले.

आता आमची रीत सांगते. भिंतीचं माप आधी अख्खं घ्यायचं, मग त्यातून दारं-खिडक्या वजा करायच्या. दर वेळी 'वजा' कोण म्हणत बसणार? म्हणून खिडकीचं माप आलं की मी टेबलावर पट्टी आपटायची. टक् झालं की ताईचा हात आपोआप पलीकडच्या, वजाच्या रकान्यात.

"पाच चाळीस. आज डब्याला काय दिलं हो सूनबाईनं?"

"पाच चाळीस. कालचंच वांगं. तू पुढं वाच."

मुलगा पुण्याला नोकरीला, घरी मी एकटी. खरं सांगायचं तर माझं दिवसभराचं बोलणं त्या टेबलावरच व्हायचं. रविवार मला फार लांब वाटायचा.

मग ऑफिसात कंप्युटर आला. ताईनं पहिल्याच दिवशी हात जोडले. "मी नाही गं त्या डब्यापुढं बसणार. डोळ्याला धार लागते माझ्या." मी बसले. नाही बसले तर काम जाईल ही भीती होती, आणि नंतर ते आवडायलाही लागलं, खोटं कशाला बोलू. मापं नुसती घालायची, गुणाकार-बेरीज तो करणार. खिडकीच्या आकड्यापुढं उणं चिन्ह टाकलं की झालं. लिहायला कुणी नको, परत म्हणून दाखवायला कुणी नको.

हे साहेबांच्याही लक्षात आलंच. एक दिवस म्हणाले, "वहिनी, तुमचं एकटीनं होतंय ना आता? मग ताईंना दिवाळीपर्यंत ठेवू. पुढं काम नाही त्यांना."

मी म्हटलं, "साहेब, एवढं अंबडच्या कारखान्याचं दोन्ही रीतींनी काढून बघू. मशीनवर काय भरवसा ठेवायचा?"

साहेब हसले. "बघा. तुमचं समाधान होऊ द्या."

कंप्युटरवरचं मी आधी उरकलं. मग जुन्या टेबलावर नकाशा पसरला आणि आम्ही दोघी बसलो. मनात एकच होतं, कंप्युटरची चूक निघू दे. एकच मोठी चूक निघाली की ताई राहील.

बऱ्याच दिवसांनी असं समोरासमोर बसलो होतो. ताईच्या नातवाला दात येत होते, सून माहेरी गेली होती, मळ्यातल्या गुलाबाला यंदा भाव नव्हता. मापं चालली होती, गप्पाही चालल्या होत्या. जेवणाच्या सुट्टीतसुद्धा आम्ही उठलो नाही.

बेरजा झाल्या. वीटकामाचा मेळ बसेना. आमचा आकडा चांगलाच मोठा आला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मी दोन्ही कागद घेऊन साहेबांकडे गेले. त्यांनी पेन्सिलीनं एकेक ओळ ताडून पाहिली आणि एका जागी पेन्सिल टेकवली.

"वहिनी, मागच्या भिंतीच्या खिडक्या वजा कुठं केल्यात? उलट मिळवल्यात की."

नातवाच्या दातांचं बोलणं चाललं होतं तेव्हा. पट्टी आपटायची माझी राहून गेली होती, आणि ताईलाही ऐकण्याच्या नादात त्याचं भान राहिलं नव्हतं. कंप्युटरचा आकडा बरोबर होता.

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. चांगला माणूस. फक्त म्हणाले, "ताईंना चहा पाजा, वहिनी."

ताईला सांगितलं तर तिनं पदरानं चष्मा पुसला. "बरं झालं बाई. माझी एकटीची चूक निघाली असती तर सून ऐकवत बसली असती. ही दोघींची आहे." आणि हसली. मी हसले नाही.

दिवाळीनंतर ती आली नाही. मळ्यात राहायची, घरी फोन नव्हता. एकदा जाऊन आले, पण तिच्या घरात माणसंच इतकी, की आम्हाला दोघींना बसायला जागा सापडेना.

ऑफिसात मी सकाळी बसले की संध्याकाळीच उठायची. घरी जाताना रविवार कारंजाच्या चौकात भाजी घ्यायला थांबले आणि मेथीचा भाव विचारला की पहिला शब्द घोगरा निघायचा, दिवसभर घसा वापरलेला नसायचा ना. भाजीवाली म्हणायची, "आजारी हाय का मावशी?" मी म्हणायची, नाही गं. मग लागत नसली तरी कोथिंबिरीचा भाव विचारायची, वांग्यांचा विचारायची, आणि ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळेपर्यंत तिथंच उभी राहायची.