कन्याकुमारीला निघाले, कौंडण्यपूरला पोचले

फ्रिजवर नकाशा चिकटवून महिना झाला होता. अकोला, यवतमाळ, पांढरकवडा, हैदराबाद, बंगळुरू, मदुराई, कन्याकुमारी. लाल पेनाची एक रेघ. जायचे सहा दिवस, यायचे सहा, मधले दोन समुद्राकडे बघत बसायचे. मी सेहेचाळीस वर्षांची, अकोल्यात एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासते, लग्न केलेलं नाही आणि साडेतीनशे सीसीची मोटरसायकल स्वतःच्या पगारातून घेतली आहे. वाचणाऱ्याला माझ्याबद्दल एवढी माहिती पुरे.

अडचण दादाची होती. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. वरच्या मजल्यावर राहतो, खाली मी आणि आई. निघायच्या आठवडाभर आधी जेवताना तो म्हणाला, "रस्त्यात गाडी बंद पडली का मंग फोन करशीन, दादा, घ्याले ये."

"नाई करनार."

"अन् केला तं?"

"केला तं गाडी इकून टाकू," मी म्हणाले. रागात बोलले, पण आईसमोर बोलले, त्यामुळे मागे घेता येईना. दादाने भाताचा घास घेतला आणि विषय संपला. म्हणजे पैज अशी: मला न्यायला कुणाला यावं लागलं, तर गाडी गेली.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी पहाटे साडेपाचला निघाले. मूर्तिजापूरपर्यंत थंडीने बोटं आखडली. ज्यांनी हा रस्ता पाच-सात वर्षांपूर्वी पाहिला असेल त्यांना सांगते, आता तो ओळखू येत नाही इतका सुधारलाय. बडनेऱ्याला गिला वडा खाल्ला. वडा तिखट दह्यात बुडालेला असतो, सकाळी खायची सवय नसेल तर अर्धी प्लेट मागा. तिथून उजवीकडे यवतमाळ रस्ता. दोन्ही बाजूंना गहू, हरभरा, मध्येच कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या. मला निसर्गाचं फारसं काही वाटत नाही, पण गाडीवरून बरं दिसत होतं.

नांदगाव खंडेश्वरच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं आणि वळणरस्त्यावर माझ्यापुढे कापसाने फुगलेला ट्रॅक्टर. ओलांडायला जागा नाही. दोन तंबू-पिशव्या आणि एक डबा भरून लाडू, एवढं ओझं मागे बांधलेलं, आणि मी पाऊण तास अर्धा क्लच दाबून त्याच्यामागे सरपटत होते. असं करू नका. नांदगाव सोडून सहा किलोमीटरवर गाडी नुसतीच ओरडायला लागली, पुढे जाईना. जळका वास आला. अकोल्यापासून सव्वाशे किलोमीटरही झाले नव्हते.

नशिबाने समोरच पत्र्याचं गॅरेज होतं. प्रमोद नावाचा तिशीतला मेकॅनिक बाहेर आला, वास घेऊनच म्हणाला, "क्लच प्लेट गेली ताई. अमरावतीवरून बोलवा लागते. उद्या संध्याकाळी येईन." मी नांदगावात लॉजची चौकशी केली, तेवढ्यात गॅरेजमागच्या घरातून त्याची आई आली. पासष्टीची, उंच, नऊवारी खोचलेली, हातात तूर पाखडायचं सूप. नाव पंचफुलाबाई. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"एकटीच?"

"हो मावशी."

"गाव कोनतं? कोनाची व्हय तू?"

आमच्या भागात हा प्रश्न साधा नसतो. गाव, आडनाव आणि मामाकुळ एवढं सांगितलं की चौथ्या वाक्याला नातं निघतं आणि पाचव्या वाक्याला फोन लागतो. दादाच्या ओळखी तीन जिल्ह्यांत आहेत. अकोला म्हटलं असतं तर दुपारी बारापर्यंत तो जीप घेऊन हजर झाला असता. मी घाबरले. सकाळी एका टेम्पोच्या मागे वाचलेलं गावाचं नाव तोंडातून निघालं.

"कौंडण्यपूर."

पंचफुलाबाईने सूप खाली ठेवलं. "माह्या माहेरची व्हय तू?" असं म्हणून तिने माझा हेल्मेटमधून सुटलेला घामट चेहरा दोन्ही हातांत धरला.

पुढचं सगळं आपोआप घडत गेलं. कोणाची, या प्रश्नाला मी सांगितलं, वडील नोकरीत होते, मी लहान असतानाच गाव सुटलं. तिने मान डोलावली. "मंग मावशी काय म्हनतं? मी गावची लेक, तुही आत्या लागतो. आत्या म्हन." लॉजचा विषय तिथेच मिटला. सुनेने पाणी तापवलं, रात्री सोल्यांची, म्हणजे ओल्या तुरीच्या दाण्यांची, आमटी आणि भाकरी, सोबत कच्च्या कांद्याची फोड. दादाला मेसेज केला: सगळं ठीक. तो मेसेज तरी खरा होता.

मंगळवार दिवसभर पार्टची वाट बघण्यात गेला. आत्या तूर पाखडत होती आणि विचारत होती. नदीचं पानी घाटाच्या कोनत्या पायरीले लागते आता? जत्रेत पाळने कुठी लावतात? मी कौंडण्यपूर कधी पाहिलेलं नव्हतं. रुक्मिणीचं माहेर, एवढं शाळेत ऐकलेलं. "खालच्या पायऱ्यांना लागतं," मी म्हणायची. "तिथंच लावतात, नेहमीच्या जागी."

"अन् घाटावरचा पिंपय हाये न?"

"आहे की आत्या. आहे."

तिचं तोंड असं उजळलं की मला तिथून उठून जावंसं वाटलं. मी विचारलं, इथून पन्नास-पंचावन्न किलोमीटर तर आहे, तुम्ही जात का नाही? ती म्हणाली, बारा वर्षं झाली. भाऊ वारला, भावजय लेकाकडे सुरतेला गेली, घर विकलं. "घ्याले कोनी येत नाई. आपल्याच मनानं माहेरी कशी जाऊ? तिकून कोनी घ्याले आलं तं जाता येते." प्रमोद बाहेरून ओरडला, "म्या कितीदा म्हनलं नेतो म्हनून!" तिने तिकडे पाहिलंही नाही. "तो सासरचा व्हय," ती मला म्हणाली. पोटचा मुलगा, पण तिच्या हिशेबात सासरचा. मला हे हास्यास्पद वाटलं. पण मी हसले नाही.

बुधवारी सकाळी गाडी तयार होती. प्रमोदने प्लेटचेच पैसे घेतले, मजुरीला हात लावेना. मी बॅगा बांधत होते तेवढ्यात आत्याने पाट मांडायला लावला. ती स्वतः विधवा, म्हणून सुनेच्या हातून, पण एकेक गोष्ट बाजूला उभी राहून सांगत: गहू, खोबऱ्याची वाटी, हळकुंड, हिरवा खण. मी म्हटलं, माझं लग्न झालेलं नाही. "नाई झालं तं नाई झालं. लेक माहेरची हाये न." राइडिंग जॅकेटला पदर नसतो. ओटी मी हेल्मेटमध्ये घेतली.

नेरला चहा प्यायला थांबले. पुढे यवतमाळ, आणि संध्याकाळपर्यंत आदिलाबाद सहज झालं असतं. टाकीवरच्या पिशवीतून पाकीट काढताना हिरवा खण बाहेर आला, गव्हाचे दाणे टपरीच्या फरशीवर सांडले. टपरीवाला म्हणाला, "वेचून घ्या ताई, ओटीचे दिसतात." मी खाली बसून वेचले. मला फार लाज वाटली. ती कशी घालवावी कळेना, म्हणून दुसरा चहा घेतला, आणि मग गाडी उलटी फिरवली.

प्रमोदच्या गॅरेजवरून जाताना हेल्मेटची काच खाली केली आणि ताशी ऐंशीने निघून गेले, चोरासारखी. नांदगावहून चांदूर रेल्वे, तिथून कुऱ्हा, मग कौंडण्यपूर. शेवटचा टप्पा अरुंद आहे, बैलगाड्या आणि संत्र्याचे टेम्पो, चाळीसच्या वर जाऊ नका. देवळात गर्दी नव्हती. वर्धा नदी फेब्रुवारीत आत सरकलेली, खालच्या पायऱ्या कोरड्या. म्हणजे पहिलंच उत्तर चुकलेलं.

घाटावर सिमेंटचा पार होता आणि त्याच्या मधोमध बुंधा, हातभर उंच, सपाट कापलेला. पारावर एक म्हातारे गृहस्थ संत्रं सोलत बसले होते. मी पिंपळाचं विचारलं.

"पडला न बाई. दोन पावसाये झाले." त्यांनी मला दोन फोडी दिल्या. "तुमी कोनाच्या?"

"कुणाची नाही," मी म्हणाले. "आत्या इथली आहे." नाव मात्र सांगितलं नाही.

दिवस मावळायच्या आत परत गॅरेजवर आले. प्रमोदला वाटलं, क्लच पुन्हा गेला. मी सरळ मागे गेले आणि सांगून टाकलं: मी अकोल्याची, कौंडण्यपूरची कुणी नाही, भावाला कळू नये म्हणून खोटं बोलले, नदीचं खोटं, जत्रेचं खोटं, आणि पिंपळ दोन वर्षांपूर्वी पडला. खण आणि गहू पुढे ठेवले.

ती म्हणाली, "पिंपय पडला म्हनते?" आणि डोळ्याला पदर लावला. ते झाल्यावर माझ्यावर संतापली. "माहेराच्या नावानं खोटं बोलतं? लाज नाई वाटत तुले?" वाटते, मी म्हटलं. सून स्वयंपाकघरात भांडी हळू घासायला लागली. आत्याने खण माझ्याकडे सरकवला.

"ओटी वापस घेत नसतात. भरली ते भरली." मग विचारलं, "आज तू गेल्ती तिकडं?"

"हो."

"तिथूनच आली आता?"

"तिथूनच."

"मंग उद्या मले घेऊन चाल."

गुरुवारी सकाळी प्रमोदने तंबू-पिशव्या गॅरेजात ठेवून घेतल्या, लाडवांचा डबा मीच उघडून वाटून टाकला. आत्या नऊवारीत, एका बाजूला पाय करून, माझ्या खांद्याला धरून बसली. दुसरं हेल्मेट प्रमोदचं, तिच्या अंबाड्यावर ते नीट बसेना. सगळ्या वाटेत ती माझ्या कानात ओरडत होती, हे अमक्याचं वावर, इथं विहीर होती, हळू चालव. एकटीने करायच्या प्रवासात इतकं कुणी बोललं नसेल.

पारावर तेच गृहस्थ बसले होते. आत्याने बुंध्यावर हात ठेवला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, चष्मा काढला, परत लावला.

"फुली व्हय का तू? नामदेवची बहीन?"

पासष्ट वर्षांची ती बाई पोरीसारखी "व्हय!" म्हणाली आणि रडायला लागली. मी नदीकडे तोंड करून उभी राहिले. माझेही डोळे भरून आले होते, आणि ते त्या दोघांना दिसायचं काही कारण नव्हतं. दुपारी आम्ही चार घरी जेवलो. चौथ्या घरी मी फक्त ताक घेतलं.

संध्याकाळी आत्याला तिच्या घरी सोडलं आणि शुक्रवारी मी अकोल्याला परतले. रजा नऊ दिवस शिल्लक होती, क्लच ठीक होता, गाडी पळवली असती तर कन्याकुमारीला जाऊन येता आलं असतं. गेले नाही. एकूण पाचशेच्या आसपास किलोमीटर झाले, आणि अकोला-अमरावती सोडून मी तिसऱ्या जिल्ह्यात फक्त चहा प्यायला गेले.

दादा जिन्यात उभा होता. "पाचव्या दिवशीच? कोनी आनलं तुले?"

"कोनी नाई. मले घ्याले कोनी आलं नाई." मग सगळं सांगितलं. "मीच एकीले घ्याले गेल्ती." तो वर निघून गेला. गाडी अजून दारात आहे.

परवा प्रमोदचा फोन आला, आईसमोरच घेतला. आत्या विचारत होती, अक्षय तृतीयेला लेकी माहेरी जातात, तिला घ्यायला कोण येईल? नकाशा फ्रिजवर तसाच आहे, लाल रेघेसकट. दादा वर्तमानपत्र वाचत होता. मान वर न करता म्हणाला, "जाय. अन् या खेपेले बाईच्या डोक्यात बसीन असं हेल्मेट घे."