झोपेत मान अवघडली, असे मी लिहिले

समोर बसून अर्धे सांगणाऱ्या आणि अर्धे पोटात ठेवणाऱ्या पक्षकारांचा मला पहिल्यापासून संताप येतो. मुरबाडच्या कचेरीबाहेर मी अर्ज लिहावयास बसतो. शिक्षण नववीपर्यंतचे, परंतु माझा अर्ज साहेबांच्या टेबलावरून परत आला, असे सहसा घडलेले नाही. पक्षकाराने मला सर्व सांगावे, त्यातले काय गाळावयाचे ते मी ठरवीन, हा माझा नियम. जी गोष्ट आपल्या बाजूस बाधक, ती कागदावर आणावयाची नाही. हाच नियम मी माझ्या मुलीच्या मानेस लावला, आणि त्याचा राग अद्याप उतरलेला नाही.

ती तेव्हा नऊ वर्षांची होती. घराच्या माळ्यावर माझ्या जुन्या अर्जांच्या नकलांचे गठ्ठे असत. मांडी घालून लिहिण्याने माझी कंबर धरलेली, शिडी चढवत नसे. पत्नी टोकावड्यास माहेरी गेली असता एका दुपारी मी मुलीलाच वर पाठविले. गठ्ठा तिच्या अंगाला झेपणारा नव्हता, हे मला खालून दिसत होते. उतरताना ती गठ्ठ्यासह पडली. रडली, उठली, पाणी प्याली. मी तिला म्हणालो, "आईला सांगू नकोस, उगाच ओरडेल." सकाळी तिची मान उजवीकडे कलली होती, ती सरळ होईना.

वैशाखऱ्याच्या पुढे, डोंगराकडच्या वाडीत हाडे बसविणारा एक म्हातारा राहत असे. लांबलांबून लोक त्याच्याकडे येत. पत्नी परतण्यापूर्वीच मी मुलीला तिकडे नेले. त्याने तिला पाटावर बसविले आणि विचारले, "पडली का गो?"

उत्तर मी दिले. "नाही. झोपेत अवघडली."

मुलीने माझ्याकडे पाहिले. म्हाताऱ्याने कोमट तेल चोळले, हनुवटीखाली हात घातला आणि हिसका दिला. कट् असा आवाज झाला. ओट्यावर बसलेल्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. आवाज झाला म्हणजे काम झाले, अशी आपल्याकडे सर्वांची पक्की समजूत. त्या समजुतीचाही मला आता राग येतो.

दोन दिवस मान सरळ वाटली. त्यानंतर तिच्या डाव्या हाताच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. ती डावखुरी. शाळेत पेन्सिल हातातून गळून पडते, अशी बाईंनी चिठ्ठी पाठविली. पत्नी रोज मिठाच्या पुरचुंडीने शेक देई, तिलाही मी झोपेत अवघडल्याचेच सांगितले होते.

त्याच्या महिनाभर आधीपासून मी स्वतः कमरेसाठी शहापूरला जात असे. तेथे एका धर्मादाय दवाखान्यात महिन्यातून दोनदा मुंबईहून एक डॉक्टरीणबाई येत. त्या ऑस्टिओपॅथी नावाची, केवळ हाताने करावयाची चिकित्सा परदेशी शिकून आल्या होत्या. पहिल्या दिवशी मी कट् आवाजाच्या अपेक्षेने गेलो. बाईंनी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. पूर्वी कधी पडलात का, झोप कशी लागते, लिहिताना कसे बसता. मग उभे केले, वाकविले, चालविले. शेवटी पालथे निजवून कमरेवर हात ठेवला आणि थोडेथोडे दाबत, थांबत राहिल्या. प्रत्येक वेळी आधी सांगत, "आता इथं दाबते आहे. दुखलं तर बोला." निघताना म्हणाल्या, "उद्या-परवा अंग ठणकेल, घाबरू नका. पण पायाला बधिरपणा आला तर मला आधी कळवा." एवढ्यासाठी मी कचेरीचा दिवस बुडविला, म्हणून किन्हवलीपर्यंत एस.टी.त धुमसत होतो. परंतु तिसऱ्या खेपेस मी मांडी घालून बसलो आणि कोणाचा हात न धरता उठलो. तेव्हा ठरविले की मुलीलाही आणावयाचे.

मी अर्ज लिहिला. होय, डॉक्टरांना अर्ज. उत्तम कागदावर, समास सोडून. "सदर मुलीची मान झोपेत अवघडली असून घरगुती उपाय करूनही उतार नाही, तरी योग्य ते उपचार व्हावेत, ही विनंती." शिडी नाही, वाडी नाही, हिसका नाही. म्हाताऱ्याचे नाव निघाले तर बाई आम्हांला अडाणी समजतील, आणि शिडीचे निघाले तर दोष माझ्याकडे येईल, असा माझा हिशेब.

बाईंनी अर्ज वाचला, घडी करून बाजूला ठेवला आणि मुलीला विचारले, "तू सांग. काय झालं?"

"अर्जात सर्व नमूद आहे," मी म्हणालो.

"तुमी गप बसा जरा," सोबत आलेली पत्नी म्हणाली. "तिला विचारलंय, तुमाला नाय."

मुलगी खाली पाहून बोलली. "शिडीवरनं पडले मी. बाबांचा गठ्ठा काढताना. मग वाडीवरच्या आजोबांनी मान ओढली. आता बोटं झोपतात."

बाईंचे हात मुलीच्या खांद्याजवळ आले होते. ते त्यांनी मागे घेतले.

"मी आज हिला हात लावणार नाही," त्या म्हणाल्या. "आजच कल्याणला हाडांच्या डॉक्टरांकडे न्या. एक्स-रे झाल्याशिवाय कोणीही ही मान हलवायची नाही."

मी त्या खोलीत ओरडलो. मुलीला हात लावत नाही तर दवाखाना कशाला उघडला, बाहेरच्या देशातून हेच शिकून आलात का, मी वरपर्यंत तक्रार करीन. बाहेरचे लोक दारात जमले.  बाई टॉवेलची गुंडाळी मुलीच्या मानेभोवती बसवीत होत्या.

पत्नी मात्र बोलली. "झोपेत अवघडली म्हणत होतात ना? पंधरा दिवस माझ्याकडून मिठानं शेकून घेतलंत! गावाचे अर्ज लिहिणारे मोठे साहेब, आणि पोरीला खोटं पढवता?"

कल्याणच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की मानेच्या मणक्याला चीर आहे, आणि नस दबते आहे. पडल्याने की ओढल्याने, ते सांगता यावयाचे नाही. गळ्यात पट्टा, दोन महिने.

त्या दिवसांत मी वाडीवर गेलो. म्हाताऱ्याला दोष देण्याच्या तयारीने गेलो होतो, हेही लिहून ठेवतो. त्याने ऐकून घेतले आणि तो पाटावरून उठला. "शिडीचं सांगितलं असतं तर मी तिला शिवलो पण नसतो. पडल्या मानेला मी हात घालीत नाय, समद्यांना ठाऊक हाय. माझ्या हातानं पोरीला दुखावलंत तुमी. जा आता." चहा विचारला नाही. मी आलो तसा चालत सडकेपर्यंत गेलो.

पट्टा निघाल्यावर कल्याणच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आम्ही पुन्हा शहापूरला गेलो. पोरांचा उपचार मोठ्यांहून हलका असतो, हे तेव्हा पाहिले. मुलगी आईला टेकून बसे, बाईंची बोटे तिच्या मानेवर असून नसल्यासारखी. "दुखलं तर हात वर कर, मी लगेच थांबेन." एकदा तिने हात वर केला, बाई थांबल्या. ती हसली, आणि नुसते पाहण्यासाठी पुन्हा वर केला. बाई पुन्हा थांबल्या. तिच्या शब्दाने कोणी थांबते, हे तिला बहुधा नवे होते.

बोटांच्या मुंग्या गेल्या, पेन्सिल टिकू लागली. शेवटच्या खेपेस बाई म्हणाल्या, "डावीकडे मान थोडी कमीच वळेल. याहून जास्त मला जमेल, असं मी सांगणार नाही."

मी म्हणालो, हे लेखी द्या. त्यांनी दिले.

परतीच्या एस.टी.त मुलगी डाव्या खिडकीशी बसली आणि लगेच उठली. "बाबा, पलीकडं बसू या. हिकडनं मला बाहेरचं नीट दिसत नाय." आम्ही जागा बदलत असता कंडक्टर म्हणाला, "ओ साहेब, एकदाचं बसून घ्या ना!" त्याचा काहीही अपराध नसता मी त्याला इतके घालून पाडून बोललो, की पुढच्या बाकांवरचे लोक मागे वळून पाहू लागले. मुलगी उजव्या खिडकीतून बाहेर पाहत राहिली.