स्लाऊच्या कालव्यातली खोटी ब्राह्मी

आईला लंडन दाखवून झालं होतं. तेवढ्यात स्लाऊहून मित्र मिलिंदचा फोन आला: शनिवारी कालव्यातलं तण काढायला माणसं हवीत, काकूंनाही आण. नागपूरहून इथवर येऊन तण उपसायचं, या कल्पनेनेच आई खूश.

पिनरच्या आमच्या घरून A40 रस्ता धरून पाऊण तास लागला. पार्किंग फुकट आहे, पण टॉयलेट नाही, आणि जुने बूट हवेतच.

काठावरून पाणी दिसेचना, सगळी हिरवळच. एक बदक तिच्यावरून चक्क चालत गेलं. एरवी वेअरहाऊसमधले कॉम्प्युटर सांभाळणारा मिलिंद कमरेपर्यंत रबरी बूट चढवून उभा होता. त्याने दाताळ्याने हिरवळीचा कोपरा उचलला, तर खाली काळं पाणी आणि सडक्या अंड्यांचा वास. या झाकणामुळे ऊन खाली पोचत नाही, खालच्या वनस्पती मरून सडतात आणि पाण्यातला प्राणवायू संपतो. गळ टाकायला येणारे एक इंग्रज आजोबा म्हणाले, उन्हाळ्यात मासे वर येऊन नुसते तोंडं उघडत होते. हे तण परदेशातलं, कुणाच्या तरी बागेतल्या तळ्यातून आलेलं. तुटलेल्या एका पेरापासूनही ते पुन्हा पसरतं.

दुपारपर्यंत आम्ही पुलापाशी छान मोकळा पट्टा केला. चिप्सवर व्हिनेगर आणि आईची शेंगदाणा चटणी, दोन्ही चाललं. मग आईने ढिगातून एक देठ उचलला. गोल पानांवरून तिला वाटलं ब्राह्मी, तेलात घालायला होईल. मिलिंदने ती ब्राह्मी नसल्याचं सांगितलं. देवाची फुलंही कचऱ्यात न टाकणारी आई गुपचूप पाण्याशी गेली, देठ सोडला आणि हात जोडले. नेमका साफ केलेल्या पट्ट्यात.

"काकू, काय केलंत हे? पुढच्या वर्षी सगळं परत भरेल!"

"काहून? पाण्यातलं पाण्यात सोडलं."

वाऱ्याने देठ पुढे निघाला. आजोबा मासे धरायची जाळी घेऊन काठाने धावले. मागून आई मराठीत सूचना देत होती, आणि ते बरोबर डावीकडे वळत होते. देठ सापडला. सगळे हसले, आई सोडून.

"तीन पानं होती. ही दोनच आहेत."

आजोबा गुडघाभर चिखलात उतरले, तर तिसरं पान पेरासकट लव्हाळ्यात अडकलेलं निघालं. तेव्हा कुठे ती हसली आणि दोन्ही तुकडे स्वतः काठावरच्या ढिगात नेऊन टाकले.

बुटांना चिकटलेला तुकडा गटारात जाऊ नये म्हणून घरी बूट बादलीत धुऊन पाणी गवतावर ओतलं. रविवारी आईने देवाची फुलं गुलाबाखाली खड्ड्यात पुरली. नागपूरच्या मावशीलाही फोनवर बजावलं, निर्माल्य तलावात नेऊ नकोस. मावशीने विचारलं, तिकडे पाहिलंस तरी काय?

"एक गोरा म्हातारा माझं एक पान शोधायला गुडघाभर चिखलात उतरला," आई म्हणाली. "चांगली माणसं आहेत गं."